धरावे

सातवीत आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या सरांची एक हातचलाखी शाळेत प्रसिद्ध होती. पेशवाईच्या धड्याच्या दिवशी इतर तुकड्यांतली पोरंसुद्धा आमच्या खिडकीत येऊन उभी राहत. सर फळ्यावर मोठ्या अक्षरात 'नारायणरावास धरावे' असं लिहीत, मग खडू आडवा धरून आमच्याकडे वळत आणि म्हणत, "बघा हं." ध ची वरची गोलाई मिटवून एक रेघ, पुढे एक काना. झालं, 'मारावे'. वर्गात एकदम कुजबुज उठे. पुढचा आठवडाभर आम्ही एकमेकांच्या वह्यांतले ध गाठून त्यांचे मा करत होतो. धनंजय नावाच्या आमच्या एका मित्राची त्यात फार वाताहत झाली.

खूप वर्षांनी लक्षात आलं की राघोबादादांनी पुतण्याला, नारायणराव पेशव्याला, धरण्याचा असा हुकूम दिला असलाच, तर तो मोडी लिपीत लिहिलेला असणार. सरांच्या देवनागरी चलाखीने सिद्ध काहीच होत नव्हतं. मुळात तो कागदच कुणाच्या हाती लागलेला नाही, आणि खाडाखोड दादांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, केली याला निर्णायक पुरावा नाही, असं अभ्यासक सांगत आलेत. तरीही 'ध चा मा' भाषेत असा मुरला आहे की आता तो निघायचा नाही. सोसायटीच्या इतिवृत्तात सेक्रेटरीने एक शब्द बदलला तरी आम्ही 'ध चा मा केला' म्हणतो.

मला अलीकडे या गोष्टीचा राग येतो. ही गोष्ट सगळ्यांच्या सोयीची आहे. बाईची लेखणी, एक काना, आणि दादासाहेब बाजूला. जणू नुसतं 'धरावे' लिहिणारा माणूस भोळाच होता! सख्ख्या पुतण्याला, तेही गादीवर बसलेल्या पेशव्याला, त्याच्याच वाड्यात, पगार थकलेल्या भाडोत्री गारद्यांकडून धरावे. हा शब्द कागदावर उतरला त्या क्षणी उरलेलं सगळं ठरून गेलं होतं. मा करायला कुणाची गरजच नव्हती.

राघोबादादांबद्दल मला आधी नुसता तिटकारा होता. तो कमी झाला त्यांचं तरुणपण वाचल्यावर, आणि तिटकारा कमी झाल्यावरच तो माणूस जास्त छळू लागला. दुष्ट माणसाचा ऱ्हास आपण वर्तमानपत्रासारखा वाचून बाजूला ठेवतो. दादा तसे नव्हते.

जन्म १७३४ चा, साताऱ्याजवळच्या माहुलीचा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं गाव. (पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणेही याच माहुलीचे. असल्या योगायोगांचं काय करायचं, मला कधी कळलेलं नाही.) वडील, थोरले बाजीराव, १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले तेव्हा हा मुलगा सहा वर्षांचाही नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटी काका चिमाजीअप्पाही गेले. अप्पांचं नाव इथे मुद्दाम घेतो. बाजीरावांचे धाकटे भाऊ. १७३९ मध्ये वसई घेतली ती त्यांनी. एवढ्या कर्तृत्वाचा माणूस आयुष्यभर दुसऱ्या जागेवर बसला आणि ती जागा त्याला बोचल्याचं कुठे दिसत नाही. दादांना हे पाहायला मिळालं असतं तर, असं मनात येतं. पण पाहिलेलं माणूस उचलतोच असंही नाही.

तेविसाव्या वर्षी दादा लाहोरात होते. १७५८ चा एप्रिल. मार्चमध्ये सरहिंद पडलं होतं आणि अब्दालीचा मुलगा तैमूरशहा लाहोर सोडून पळाला होता. मराठ्यांच्या बाजूला आलेल्या पंजाबातल्या अदिना बेगने शालिमार बागेत या पोरसवद्या मराठी सेनापतीचा थाटाने सत्कार केला. तिथून दादांनी थोरल्या भावाला, नानासाहेबांना, मे महिन्यात पत्र पाठवलं, त्यात कंदाहारापर्यंतच्या गोष्टी आहेत. पुण्यात ज्याचं घर, तो पंचवीस वर्षांच्या आत कंदाहारच्या बाता मारतो, आणि बाता म्हणाव्यात तर पाठीशी फौज आहे. 'राघोभरारी' हे नाव उगीच पडलं नाही. अटकेपार झेंडे म्हणजे हेच. दादा स्वतः अटकेपर्यंत पोचले नाहीत, त्यांच्या फौजा पोचल्या, असं अभ्यासक म्हणतात. मला त्याने फरक पडत नाही. पंजाबपर्यंत फौज नेली ती त्यांनीच.

फक्त, येताना ते कर्ज घेऊन आले. मुलूख जिंकला, पण त्याचा वसूल हाती नाही, फौजेचे पगार थकलेले आणि सावकार दारात. घरात हिशेब पाहणारे चुलत भाऊ सदाशिवरावभाऊ, म्हणजे चिमाजीअप्पांचेच चिरंजीव. त्यांनी बोल लावले. दोन वर्षांनी अब्दालीवर पाठवायची वेळ आली तेव्हा दादांना नाही, भाऊंना पाठवलं. पुढे पानिपत झालं आणि सगळं वेगळ्याच रंगात बुडालं, म्हणून ही छोटी गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही. मला वाटतं दादांच्या राहिली. पराक्रम मी केला आणि जमाखर्च विचारला गेला, ही सल लढणाऱ्या माणसाच्या मनातून जात नाही. नोकरी करणाऱ्याच्याही जात नाही. त्याकडे येतोच आहे.

१७६१ च्या जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. बाजीरावांच्या मुलांत आता दादाच उरलेले कर्ते. वय सव्वीस, लाहोर पाहून आलेले. पेशवाईची वस्त्रं मिळाली नानासाहेबांच्या सोळा वर्षांच्या मुलाला, माधवरावाला. रिवाजाने बरोबरच होतं, पण काही बरोबर गोष्टीही माणसाला सहन होत नाहीत. कारभार दादांकडे आला. माणसाला कारभार द्यावा आणि गादी देऊ नये, याहून मोठी परीक्षा नाही. गादी रोज दिसते, तिच्यावरची धूळ आपणच झटकत असतो.

पुढची दहा वर्षं म्हणजे काकांनी उठावं आणि पुतण्याने बसवावं. १७६२ मध्ये दादांनी निजामाची मदत घेऊन घोडनदीवर पुतण्याच्याच फौजेशी लढाई केली. घरातलं आणखी फाटू नये म्हणून माधवराव स्वतःहून त्यांच्या स्वाधीन झाला. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला निजामाशी लढताना दादा अडचणीत आले आणि माधवरावाने वेळेवर येऊन त्यांना सोडवलं. इथे कुणीही थांबला असता. दादा काही काळ थांबलेही. मग अर्ध्या दौलतीची वाटणी मागू लागले. १७६८ मध्ये नाशिककडच्या धोडप किल्ल्यावर माधवरावाने त्यांना पकडलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. आजोबांनी बांधलेल्या नव्हे, प्रत्यक्ष वडिलांनी बांधलेल्या वाड्यात कैद! थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पायाभरणी केलेल्या वाड्यात त्यांचाच मुलगा पहाऱ्यात, आणि पहारा नातवाचा.

क्षयाने खंगलेला माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारला. जाण्याआधी त्याने काकांना बोलावून आपल्या सतरा वर्षांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावाचा, हात त्यांच्या हातात दिला. पुतण्याने काकाला आयुष्यभर ओळखलं, आणि शेवटी विश्वास टाकायला त्याच्याजवळ तोच काका होता. नारायणराव तापट होता, पोरकट होता, कारभाऱ्यांनाही दुखवत होता असं म्हणतात. असेल. सतरा-अठराव्या वर्षी कोण नसतं?

आता माझं.

पेशव्यांच्या शेजारी स्वतःला बसवणं म्हणजे स्वतःचीच मिरवणूक काढणं, हे मला कळतं. पण या माणसाकडे मी वळलो तो या दारातून, म्हणून सांगून टाकतो. मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात एकोणीस वर्षं काढली. साहेब निवृत्त झाले तेव्हा आठ महिने त्यांचा चार्ज माझ्याकडे होता. चार्ज, पद नाही. पण मी केबिनमध्ये बसायला लागलो. टेबलावरची तडकलेली काच स्वतःच्या खिशातून बदलली. काचेखाली नव्या वर्षाचं छोटं कॅलेंडर आणि सिद्धटेकच्या गणपतीचा फोटो सरकवला. सह्या करताना पेन जरा जास्त दाबून धरायला लागलो. मग एका सोमवारी पत्र आलं आणि केबिन मिळाली माझ्याहून चौदा वर्षांनी लहान असलेल्या मुलाला. त्याला कोटेशनचा तुलनातक्ता कसा करायचा ते मीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी तो पेढे घेऊन आला आणि वाकून नमस्कार केला. पेढा घशात अडकतो म्हणतात ते शब्दशः खरं आहे.

चार महिन्यांनी त्याने एक तातडीची खरेदी तीन कोटेशनांशिवाय केली. लाइन बंद पडली असती म्हणून. वरून तोंडी होकार होता, मला माहीत होतं. मी मुख्यालयाला मेल लिहिला. फार संयमाने लिहिला, दोनदा तपासला. 'या व्यवहाराची चौकशी व्हावी, एवढीच नम्र विनंती.' 'एवढीच' हा शब्द टाकल्यावर मला अगदी स्वच्छ वाटलं, ते अजून आठवतं. मी कुणाला चोर म्हटलं नव्हतं. कुणाला काढा म्हटलं नव्हतं. चौकशी व्हावी, एवढंच.

माझं 'धरावे' हे असं होतं.

३० ऑगस्ट १७७३. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, वाड्यात गणपती बसलेले, विसर्जन दुसऱ्या दिवसावर. नारायणराव सकाळी पर्वतीला जाऊन आला. काहीतरी शिजतंय ही कुणकुण त्याला लागली होती, रघूजी आंग्र्यांनी सावध केलं होतं असं सांगतात. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं, आणि हरिपंत कुणाकडे तरी जेवायला गेले. एवढ्या मोठ्या शोकांतिकेतला हा तपशील मला सगळ्यात खरा वाटतो. जेवून आल्यावर बघू.

दुपारी सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसुफ यांचे गारदी थकलेल्या पगाराचं निमित्त करून आत घुसले. जेवून आडवा झालेला अठरा वर्षांचा पेशवा पळत सुटला तो काकांच्या महालाकडे. 'काका, मला वाचवा' ही हाक आता भुताच्या गोष्टीत गेली आहे. अमावस्या-पौर्णिमेला वाड्यात ती ऐकू येते म्हणून रात्री भिंतीबाहेर मोबाईल धरून उभी असलेली मुलं मी पाहिली आहेत. पण ती हाक भुताची नव्हतीच. ती जिवंत मुलाची होती, आणि मुद्दा असा की तो पळाला कुणाकडे. त्याला ठाऊक नव्हतं? मला वाटतं, निम्मं ठाऊक होतं. तरीही शेवटच्या क्षणाला पाय घरच्या मोठ्या माणसाकडेच गेले. त्याने दादांना मिठी मारली. दादांचा सेवक तुळाजी पवार याने त्याला ओढला. चापाजी टिळेकर नावाचा सेवक अंगावर आडवा पडला, तोही तुटला. वाड्यात त्या दुपारी आणखी बरेच जण मेले, मारेकऱ्यांच्या वाटेत आलेली एक गायसुद्धा.

आणि दादा? मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे की दादांनी सोडा म्हणून पाहिलं. सुमेरसिंगाने बजावलं की इथवर आल्यावर आता आपला नाश ओढवून घ्यायला मी तयार नाही, बाजूला व्हा नाहीतर तुम्हीही मराल. तेव्हा दादांनी मिठी सोडवली आणि ते गच्चीवर निघून गेले.

या गच्चीपाशी मी पुनःपुन्हा येतो. वाडा १८२८ मध्ये जळाला, आता आत जोती, हिरवळ आणि कोरडं हजारी कारंजं आहे, त्यामुळे ती गच्ची कुठे होती ते दाखवता यायचं नाही. पण गच्चीवरून कसबा दिसत असेल, नदी दिसत असेल, भाद्रपदातली ओली पर्वती दिसत असेल. कान कुठे ठेवले असतील?

चौकशी लागल्यावर तिसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्याच टेबलापाशी आला. केबिनमध्ये मला बोलावलं नाही, स्वतः आला आणि उभाच राहिला. हातातल्या फाइलचा बंद सुटला होता, तो बोटाला गुंडाळत होता. म्हणाला, "सर, तुमचं वर ऐकतात. तुम्ही जरा बोला ना." मी म्हणालो, "बघतो." मग मी उठून चहाला गेलो. कँटीनच्या मागे एक कठडा आहे, तिथून ट्रक लागतात ते यार्ड दिसतं. तिथे कप रिकामा होऊनही बराच वेळ उभा होतो.

चौकशीत फारसं निघालं नाही. पण नाव खराब झालं ते झालंच, त्याने राजीनामा दिला. केबिन मला मिळाली नाही. मुख्यालयाने बाहेरून माणूस आणला. काच तेवढी माझी राहिली.

दादांना गादी मिळाली. साताऱ्याहून वस्त्रं आली, आणि ज्या गादीसाठी हा माणूस बारा वर्षं झुरला, ती हातात आल्यावर काय करायचं हे त्याला सुचेना. रामशास्त्र्यांनी चौकशी करून तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत (यावेळी न जेवता) अशा दादांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, नारायणरावाच्या गरोदर बायकोला, गंगाबाईला, पुरंदरावर नेलं. १७७४ च्या एप्रिलमध्ये मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला वस्त्रं मिळाली. काही महिन्यांची पेशवाई संपली. पाळण्यातल्या पोराने दादांना हरवलं.

मग पळापळ. अवघडलेल्या आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात ठेवून दादा गुजरातेत गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेत इंग्रजांशी तह केला. गादीवर बसवण्यासाठी अडीच हजार फौज इंग्रज देणार, बदल्यात मुंबईजवळची साष्टी आणि वसई. ज्या वसईच्या कोटासाठी चिमाजीअप्पांनी माणसांचा खच पाडून घेतला, ती वसई पुतण्याने एका सहीने देऊ केली. अप्पांना तोफेपुढे जावं लागलं होतं. दादांना फक्त लेखणी उचलावी लागली. लेखणीचा दोष काढायचाच असेल तर इथे काढावा, त्या दंतकथेतल्या काना-मात्रेत कशाला?

पुण्याहून लोणावळा लोकलने जाताना वडगाव लागतं. १७७९ च्या जानेवारीत दादांना घेऊन इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली ती इथवर. चार हजारांच्या आसपास माणूस आणि सामानाला १९ हजार बैल. त्या बैलांच्या चालीने पुणं गाठायचं होतं. पुढे महादजी शिंदे. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट तोफगोळ्याने पडला. त्याच्या शौर्यामुळे मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' केलं, वडगावात त्याची कबर अजून आहे. वैऱ्याला फाकडा म्हणणाऱ्या या लोकांनी आपल्या लाहोरच्या सेनापतीला त्या दिवशी काय म्हटलं असेल? इंग्रजांनी शरणागती पत्करली, दादा शिंद्यांच्या स्वाधीन झाले. पुढे नर्मदेपाशी निसटले आणि पुन्हा सुरतेला इंग्रजांच्याच आसऱ्याला गेले. ज्या नर्मदेकाठी वडील गेले, तीच नदी.

१७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांची किंमत ठरली. महिना २५ हजार रुपये, आणि इंग्रजांनी पाठिंबा सोडायचा. दादा कोपरगावी येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. वय एकोणपन्नास. धारच्या किल्ल्यात जन्मलेला त्यांचा मुलगा पुढे दुसरा बाजीराव म्हणून पेशवा झाला. त्याने १८०२ च्या शेवटच्या दिवशी इंग्रजांशी तह केला, तो कुठे, तर वसईला.

गेल्या वर्षी शिर्डीहून परतताना मी बायकोला हॉटेलवर ठेवून एकटा कोपरगावला गेलो. तिथे गोदावरीपाशी कचेश्वर आहे, शुक्राचार्यांचं देऊळ आहे. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या कचाने इथे मिळवली म्हणतात. इथल्या एका साखर कारखान्याचं मूळ नावही संजीवनी. अशा गावात दादांनी शेवटचे दिवस काढले. त्यांना कचाची गोष्ट अर्थात ठाऊक असणार.

ऊन फार होतं. एका रसवंतीपाशी थांबलो, पट्ट्यावर घुंगरं वाजत होती. चरकात ऊस सारणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "काका, इकडे राघोबादादांचा वाडा कुठं आहे?"

त्याने ऊस दुमडून पुन्हा घातला. "कोण राघोबा?"

"पेशवे. पुण्याचे."

"हां, ते ध चा मा वाले व्हय." त्याने लिंबू पिळलं. "त्यो बिचारा गरीब हुता वो. ती बाईच लई बेरकी."

मी म्हणालो, "नाही हो, तसं नाही. मुळात त्याने लिहिलं होतं ना, ते 'धरावे'—"

"बर्फ घालू का थोडा?" म्हाताऱ्याने विचारलं.